खानदेशातील शस्त्रक्रिया आणि तिच्या मागेपुढे उभी असणारी माणसे

जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून जुना खानदेश होतो. या मुलखात शस्त्रक्रियेच्या रुग्णाची काळजी आधी एकाच माणसाच्या हाती होती. पुढे ती दोघा-तिघांच्या हाती आली आणि आज ती शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, प्रयोगशाळा, रक्तपेढी, आरोग्यमित्र आणि गावातली आशा सेविका अशा लांब साखळीत वाटली गेली आहे. शस्त्रक्रियेचा इतिहास सहसा कापणाऱ्या हाताभोवती लिहिला जातो. खानदेशात मात्र रुग्ण जगला की दगावला, हे पुष्कळदा टेबलावर चढण्याआधीच्या दोन दिवसांत आणि उतरल्यानंतरच्या दहा दिवसांत ठरत आले. त्या दिवसांची जबाबदारी कोणाकडे होती, हे पाहिल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही.

शस्त्रक्रियेचे तीन टप्पे मानण्याची कल्पना भारतीय वैद्यकात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म अशी विभागणी आहे आणि शस्त्र हाती घेण्याआधी कोणती साधने जवळ मांडून ठेवावीत याची यादीही आहे. चरकाने उपचाराचे चार पाद सांगितले. वैद्य, औषध आणि रोगी यांच्या जोडीला त्याने उपस्थाता, म्हणजे सेवा करणारा माणूस, स्वतंत्र पाद म्हणून मोजला. ग्रंथात इतक्या स्पष्टपणे मांडलेली ही व्यवस्था गावपातळीवर मात्र टिकली नाही. शस्त्रकर्म शिकलेल्या वैद्यांच्या हातून सुटले आणि निरनिराळ्या जातींच्या, पिढीजात कौशल्याच्या माणसांकडे गेले. तुंबडी लावणारे, गळू फोडणारे न्हावी, हाड बसवणारे, डाग देणारे भगत आणि सुईणी, प्रत्येकाचे काम वेगळे आणि प्रत्येकजण आपापल्या जागी एकटा.

यातल्या काहींना पश्चात्कर्माची चांगली जाण होती. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीतून नव्याने बनवल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती हकीकत आज मुख्यतः नाकासाठी आठवली जाते. पण तिच्यात नंतरच्या काळजीचाही तपशील आहे. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या आणि कपाळाशी जोडलेली पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी तोडायची. करणाऱ्याला महिनाभराचा क्रम पाठ होता, असा त्याचा अर्थ.

खानदेशात याला जवळचे उदाहरण नारूचे. पायविहिरीचे किंवा डोहाचे पाणी पिऊन शरीरात गेलेला हा कृमी वर्षभराने पायाची कातडी फोडून बाहेर डोकावे. काढणारा त्याचे तोंड बारीक काडीला गुंडाळी आणि रोज थोडे-थोडे ओढून पुन्हा काडी फिरवून पट्टी बांधी. कृमी हातभर किंवा त्याहून लांब असे आणि घाईने ओढला की आत तुटे. मग पाय सुजून पू होई आणि माणूस हंगामभर खाटेला खिळे. म्हणून काढणारा रोज येई, घरच्या बाईला पाय कसा धुवायचा ते सांगे आणि रुग्णाला चालू देत नसे. ही शस्त्रक्रिया आणि शुश्रूषा एकच होती, ती अनेक दिवस पसरलेली होती आणि तिच्यात घरचे लोक सामील होते. नारू-निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झाली, देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्यामुळे ती कला आता कोणाला येण्याचे कारण उरलेले नाही.

१८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे ठाणे निवडले आणि तिथे नवी पेठ आखली. जिल्ह्याच्या ठाण्याबरोबर जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन आला आणि त्याच्या हाताखाली दवाखाना आला. या अधिकाऱ्याकडे रुग्णालय तर होतेच, शिवाय तुरुंगातले कैदी, देवीच्या लशीची देखरेख, शवविच्छेदन आणि कोर्टातली साक्षही होती. त्यामुळे रुग्णालयाचे रोजचे काम खरे पाहता हॉस्पिटल असिस्टंट नावाच्या हिंदी माणसाच्या खांद्यावर पडे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ साली मराठीतून शिकवणारा वर्ग सुरू झाला आणि १८७८ साली पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल निघाले. या शाळांमधून बाहेर पडलेले असिस्टंट जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या दवाखान्यांत नेमले जात. जखम धुणे, पट्टी बदलणे, ताप पाहणे आणि रात्री रुग्णाजवळ जाणे हे त्यांच्याच वाट्याचे होते. त्यांचे नाव अहवालात क्वचित येते. वरच्या सहीचे श्रेय वर जाई आणि खालच्या माणसाची बदली पुढच्या दवाखान्यात होई.

त्या काळच्या मोफसल, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या, रुग्णालयांत ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रिया थोड्या होत्या. मुतखडा, मोतीबिंदू, गळवे, अंडवृद्धी आणि अपघातात चिरडलेल्या हातापायांचे विच्छेदन, एवढ्यावर यादी आटोपे. कापूस हे खानदेशचे पीक. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात त्याचा भाव चढला, १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, १८७३ च्या सुमारास जळगावात मुळजी जेठा यांची कापड गिरणी उभी राहिली आणि गावोगाव जिनिंगचे कारखाने निघाले. हंगामात या जिनांमध्ये बाया-पोरे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिनांच्या कामाच्या तासांबद्दल साक्षी झाल्या आहेत. थकलेला माणूस आणि उघडे फिरते यंत्र जवळजवळ ठेवले की दवाखान्यात काय येते हे सांगायला नको. मोतीबिंदूचा रुग्ण थांबू शकतो, पण चिरडलेला हात थांबत नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेची तयारी ठेवण्याची गरज खानदेशात शेतीपेक्षा यंत्राने जास्त वाढवली.

भूल देण्याचे काम स्वतंत्र माणसाचे आहे, हे समजायला फार वेळ लागला. भारतात ईथर १८४७ साली आणि क्लोरोफॉर्म १८४८ च्या सुरुवातीला कलकत्त्यात वापरले गेले. क्लोरोफॉर्म स्वस्त होते, बाटलीतून रुमालावर टाकता येई आणि पेटत नसे, म्हणून ते लवकरच मोफसलीतही पोहोचले. पण रुमाल धरणारा कोण? सहसा असिस्टंट, तो नसला तर कंपाउंडर. शेजारच्या निजाम राज्यात एडवर्ड लॉरी याने १८८८ आणि १८८९ साली हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन भरवून श्वासाकडे लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे असा आग्रह धरला. हृदयावरच्या परिणामाबाबत त्याचे म्हणणे पुढे टिकले नाही. तरी भूल देणाऱ्याने कापण्याकडे न बघता फक्त रुग्णाकडे बघावे, ही त्याची मागणी योग्य होती. हैदराबादेतच रूपाबाई फर्दुनजी यांनी भूल देण्याचे काम स्त्री म्हणून प्रथम व्यवसायाने केले. खानदेशच्या टेबलाजवळ असा खास माणूस यायला आणखी अर्धे शतक जायचे होते.

निर्जंतुकीकरणाचीही तीच गत. कार्बोलिक अॅसिडने जखम निर्जंतुक ठेवण्यावरचे लिस्टरचे लेख १८६७ साली प्रसिद्ध झाले आणि ते औषध जिल्हा रुग्णालयांत लवकर आले. पण ते वापरणारी साखळी कच्ची होती. शल्यचिकित्सकाने हात धुतले आणि ड्रेसरने तीच पट्टी दुसऱ्या खाटेवर वापरली, तर पहिल्या धुण्याला अर्थ राहत नाही. पू होणे हा नशिबाचा भाग मानला जाई. खानदेशात मार्च ते मेमधल्या कडक उन्हाळ्यात जखम चिघळते, ही समजूत इतकी पक्की होती की ठरवून करायच्या शस्त्रक्रिया थंडीवर ढकलल्या जात. त्या समजुतीला पैशाचे कारणही जोडलेले होते. कापूस विकून हातात रक्कम येते ती दिवाळीनंतर. हर्निया, मोतीबिंदू, गर्भाशय काढणे अशा शस्त्रक्रियांची गर्दी आजही हिवाळ्यात जास्त असते.

शुश्रूषेचा मोठा वाटा त्या काळी नातेवाइकांनी उचलला. जातीच्या नियमांमुळे रुग्णालयातले शिजवलेले अन्न बरेच लोक खात नसत. त्यामुळे आवारात तीन दगडांच्या चुली मांडून पेज, वरणाचे पाणी, मऊ भात शिजे. सोबतीला आलेली आई किंवा बहीण रुग्णाला कूस बदलून देई, भांडे देई, वारा घाली, रात्री जागे. कोणत्याही अहवालात या बायकांची गणना नाही. तरी शस्त्रक्रियेनंतरची काळजी खऱ्या अर्थाने त्यांनीच घेतली, आणि परिचारिकांची संख्या पुरेशी नसलेल्या वॉर्डात त्या आजही ती घेत आहेत. फरक इतकाच की त्यांना काय बघायचे हे सांगणारे कोणी तेव्हा नव्हते. लघवी किती झाली, पट्टी ओली झाली का, पोट फुगले का, हे प्रश्न त्यांना कोणी विचारले असते, तर कित्येक संकटे वेळेत कळली असती.

शिकलेली परिचारिका मुंबई-पुण्याबाहेर फार उशिरा आली. जे. जे. रुग्णालयात १८९१ साली बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. त्या पहिल्या हिंदी परिचारिका विद्यार्थिनी मानल्या जातात. परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीचा मुंबई प्रांताचा कायदा १९३५ सालचा. १९४६ साली आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. म्हणजे एका परिचारिकेमागे सहा-सात डॉक्टर. वॉर्डाची गरज याच्या नेमकी उलट असते. ही सरासरीही शहरांनी फुगवलेली होती, हे ध्यानात घेतले की चोपडा किंवा साक्री इथल्या दवाखान्याची अवस्था वेगळी सांगावी लागत नाही.

१९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. आता दोन सिव्हिल सर्जन आले आणि दोन जिल्हा रुग्णालये वाढू लागली. लोकांच्या तोंडी दोन्हीचे नाव एकच, सिव्हिल. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेकडची ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाल्यावर रुग्णाला दुसरी वाटही मिळाली. नंदुरबार-नवापूरचे लोक सुरतेला जाऊ लागले आणि जळगाव-भुसावळचे मुंबईला. भुसावळच्या रेल्वे रुग्णालयाने तर ही सोय यंत्रणा म्हणूनच उभी केली. रेल्वेच्या कामगाराचा कागद, त्याचा पास, आणि गरज पडली तर भायखळ्याच्या मोठ्या रेल्वे रुग्णालयात रवानगी, हे सगळे एकाच खात्यात होते. एका रुग्णाची माहिती एका रुग्णालयातून दुसऱ्यात कागदावर जाणे ही गोष्ट आज साधी वाटते. रेल्वेबाहेरच्या रुग्णाला ती पुढची कित्येक दशके मिळाली नाही. तो निघे तो पिशवीत क्ष-किरणांचे फोटो आणि तोंडात हकीकत घेऊन.

पश्चिम खानदेशच्या आदिवासी टोकाला वेगळा प्रयोग झाला. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून या भागात काम करत होते. १९४२ साली नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याला ख्रिस्ती मिशनचे रुग्णालय सुरू झाले. आज ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आहे. अशा लहान रुग्णालयांत कामाची वाटणी शहरासारखी नसते. ज्याने तपासले तोच कापतो, पाठीतून भूल देऊन परिचारिकेला नाडीवर बसवतो आणि संध्याकाळी वॉर्डात फेरी मारतो. मनुष्यबळाच्या टंचाईतून ही रीत आली, पण तिच्यात एक गुण होता. माहिती हरवत नसे. गावात राहणाऱ्या, भिली किंवा मावची बोलणाऱ्या परिचारिका आणि सहायक हा तिचा कणा होता. रुग्णाने काही खाल्ले का, हा प्रश्न त्याच्या बोलीत विचारला तरच खरे उत्तर येते. भूल देण्याआधीचे पोट रिकामे असणे या एका उत्तरावर अवलंबून असते.

स्वातंत्र्यानंतर तीन गोष्टी जवळजवळ एकदम बदलल्या. पहिली औषधांची. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आले. दुसरी भुलीची. मुंबईत १९४६ साली भूलशास्त्राची पदविका सुरू झाली आणि १९४७ साली भूलतज्ज्ञांची देशव्यापी संघटना निघाली. तिसरी खासगी शस्त्रक्रियेची. मुंबई राज्याने १९४९ साली नर्सिंग होम नोंदणीचा कायदा केला. १९६० नंतर जळगाव आणि धुळे या नावांनीच ओळखल्या जाणाऱ्या दोन्ही जिल्ह्यांत शल्यचिकित्सकांची स्वतःची रुग्णालये उभी राहू लागली. पुष्कळदा नवरा शल्यचिकित्सक, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, खाली ओपीडी, पहिल्या मजल्यावर थिएटर आणि दहा-पंधरा खाटा, अशी ती रचना.

या नर्सिंग होमच्या काळाने खानदेशात शस्त्रक्रिया घराजवळ आणली. त्यासाठी त्या पिढीचे ऋण मानायलाच हवे. अमळनेर, पाचोरा, शिरपूर, दोंडाईचा, शहादा अशा ठिकाणी अपेंडिक्स, सिझेरियन, आतड्याला पडलेले छिद्र यांच्यावर रातोरात उपचार होऊ लागले. तिथली परिचारिका बहुधा रुग्णालयातच शिकलेली असे. दहावी झालेली मुलगी वर्षभर निर्जंतुकीकरणाचे ड्रम भरणे, कापसाचे बोळे करणे, उपकरणे उकळणे शिके आणि चौथ्या-पाचव्या वर्षी शल्यचिकित्सकाने हात पुढे करताच बरोबर चिमटा त्यात ठेवी. तिला प्रमाणपत्र नव्हते आणि पगारही त्या मानानेच असे. मामा आणि मावशी म्हटले जाणारे सेवक रुग्णाला आंघोळ घालत, कापायची जागा साफ करत, स्ट्रेचर उचलत आणि बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना पहिली बातमी देत. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत हाताने फुगा दाबून श्वास देण्याची तयारी सगळ्यांची असे.

भूलतज्ज्ञ मात्र कोणा एकाचा नसे. एका गावात दोन किंवा तीन भूलतज्ज्ञ आणि रुग्णालये वीस. तो पिशवीत नळ्या, लॅरिंगोस्कोप आणि इंजेक्शने घेऊन स्कूटरवरून एका थिएटरातून दुसऱ्यात जाई. रुग्णाला तो प्रथम भेटे तो टेबलावरच. दम्याचा त्रास, आधीच्या भुलीचा वाईट अनुभव, चालू असलेली रक्तदाबाची गोळी हे त्याला त्या पाच मिनिटांत विचारावे लागे. आणि रुग्ण डोळे उघडून खोकला की पुढच्या ठिकाणी त्याची वाट बघत असत. या व्यवस्थेतली सर्वांत नाजूक जागा हीच होती. शस्त्रक्रियेआधीची तपासणी आणि भुलीतून बाहेर येण्याचा पहिला तास, या दोन्ही वेळी जबाबदार माणूस रस्त्यावर असे. पल्स ऑक्सिमीटर १९९० च्या दशकात लहान रुग्णालयांत पोहोचला तेव्हा त्याने हा धोका बराच कमी केला. ऑक्सिजन घसरताना त्याचा आवाज बदलतो आणि तो खोलीतल्या प्रत्येकाला कळतो, मावशीलासुद्धा.

त्याच दशकात दोन न्यायालयीन निकालांनी कामाची पद्धत बदलली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. त्यानंतर संमतीपत्र, भुलीची नोंद, फिजिशियनचे फिटनेस यांना कागदावर जागा मिळाली. काही ठिकाणी हे सोपस्कार बनले. पण वयस्क रुग्णाला शस्त्रक्रियेआधी फिजिशियनने पाहावे ही रीत यातूनच रुजली. दुसरा निकाल १९९६ चा, रक्ताबद्दलचा. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १९९८ पासून बंदी आली आणि परवानाधारक रक्तपेढीबाहेर रक्त काढणे थांबले. रोगसंसर्ग रोखण्यासाठी हे आवश्यक होते. तालुक्याच्या शल्यचिकित्सकाला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. पूर्वी तो नातेवाइकाचे रक्त जुळवून तिथेच चढवी. आता माणूस जळगावला किंवा धुळ्याला पिटाळावा लागे आणि प्रसूतीनंतर रक्तस्राव होणाऱ्या बाईला तेवढा वेळ नसतो. १९९२-९३ च्या सुमारास स्थापन झालेल्या ग्रामीण शल्यचिकित्सकांच्या संघटनेने हा प्रश्न देशभर लावून धरला. २००१ नंतर रक्तसाठा केंद्रांना परवानगी मिळाल्यावर अडचण थोडी सुटली. जळगावात रेडक्रॉस आणि माधवराव गोळवलकर रक्तपेढी यांसारख्या संस्थांनी ऐच्छिक रक्तदानाची सवय रुजवली. शस्त्रक्रियेच्या चमूत रक्तदाता हा चेहरा नसलेला सभासद आहे, पण त्याच्यावाचून तालुक्याचे थिएटर चालत नाही.

वेगळ्या वळणाची चमू शिबिरांनी दिली. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि शाळांच्या वर्गांत मोतीबिंदूची शिबिरे भरू लागली. बाके हटवून गाद्या टाकायच्या, एका खोलीत डोळे तपासायचे, दुसरीत भूल, तिसरीत शस्त्रक्रिया. स्वयंसेवक म्हाताऱ्यांना हात धरून आणत-नेत. त्या काळच्या पद्धतीत टाके नाजूक असत, म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून रुग्णाला हलू देत नसत. ती राखण करणारे कॉलेजातले विद्यार्थी असत. कुटुंबनियोजनाची शिबिरे यांच्याच जोडीने चालत, पण तिथे संख्येच्या लक्ष्यांमुळे नंतरच्या काळजीची फार हेळसांड झाली. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ शिबिरातील शस्त्रक्रियेनंतर १३ स्त्रिया दगावल्या आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे बंद करण्याचे निर्देश दिले. एका दिवसात किती शस्त्रक्रिया झाल्या हे मोजणारी व्यवस्था दुसऱ्या दिवशी ताप कोणाला आला हे विचारत नसेल, तर ती सार्वजनिक आरोग्याचे काम करत नाही.

१९८८ साली धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. भाऊसाहेब हिरे यांचे नाव त्याला आहे. १९९० साली तिथेच अण्णासाहेब चुडामण पाटील यांच्या नावाचे खासगी महाविद्यालय आले. जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ सालचे, नंदुरबारचे २०२० सालचे. महाविद्यालयाबरोबर सिव्हिलचे रूप पालटले. भूलशास्त्र हा स्वतंत्र विभाग झाला आणि भुलीआधीच्या तपासणीला ओपीडी मिळाली. शिकाऊ डॉक्टर रात्रभर वॉर्डात असू लागले. धुळ्याचे मोठे रुग्णालय गावाबाहेर चक्करबर्डीला गेले. गर्दी, जमिनीवरच्या गाद्या, रिकामी पदे हे सारे राहिलेच. पण मध्यरात्री रक्तदाब मोजून लिहिणारा माणूस नेमलेला असणे हा मोठा पल्ला होता.

याच काळात शस्त्रक्रियेची चमू ही जगभर अभ्यासाची गोष्ट झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची तपासयादी प्रसिद्ध केली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी सर्वांनी थांबून नाव, बाजू, अॅलर्जी, प्रतिजैविक, कापसाच्या पट्ट्यांची मोजणी मोठ्याने पडताळायची. दिल्लीसह आठ शहरांतल्या पाहणीत, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. या यादीचे खरे बळ परिचारिकेला बोलण्याचा अधिकार देण्यात आहे. मोठ्या डॉक्टरांना ‘सर, थांबा’ म्हणणे आपल्याकडे सोपे नाही. यादी हातात असली की ते उद्धटपणाचे न राहता कामाचे होते. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या लवकर बरे करण्याच्या पद्धतीचेही तसेच. उपाशी कमी ठेवणे, दुखणे आटोक्यात ठेवून त्याच दिवशी चालवणे, लवकर खाऊ घालणे यांत शल्यचिकित्सकापेक्षा फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि सोबतीण यांचा हात जास्त आहे. रात्री बारापासून पाण्याचा थेंबही न देण्याची रीत खानदेशच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात रुग्णाला टेबलावर जाण्याआधीच सुकवते. भुलीच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते, हे आता पाठ्यपुस्तकात आहे. ते अजून सगळ्या वॉर्डांत पोहोचायचे आहे.

सातपुड्याच्या कुशीत पूर्वतयारीला आणखी एक अर्थ आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. हा आजार भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. सिकलसेलच्या रुग्णाला भुलीत ऑक्सिजन कमी पडला, अंग गार पडले किंवा पाणी कमी झाले की रक्तपेशी वाकून रक्तवाहिन्या तुंबतात. म्हणून चोपडा-यावलपासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंतच्या रुग्णाची साधी विद्राव्यता चाचणी शस्त्रक्रियेआधी होणे जीवनमरणाचे ठरते. ती प्रयोगशाळा तंत्रज्ञ करतो, शिरेतून पाणी परिचारिका सुरू करते आणि थिएटरमध्ये पांघरूण घालायचे मामाने लक्षात ठेवायचे असते.

पैशाच्या बाजूने ही साखळी प्रथम जोडली गेली ती २०१२ साली. २ जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्याच्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि धुळे त्यांपैकी एक होता. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, ती जळगावसह सगळ्या राज्यात आली आणि नंतर महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत खर्च, असे तिचे मूळ स्वरूप होते. तिच्यात तपासण्या, शस्त्रक्रिया, जेवण, घरी जाण्याचे भाडे आणि घरी गेल्यावर दहा दिवसांचे औषध एकाच दरात बांधले होते. शिवाय १२१ पाठपुरावा उपचार स्वतंत्र मोजले होते. रुग्णालयाच्या दारात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसला. तो डॉक्टर नाही. शिधापत्रिका तपासतो, मंजुरी मागवतो, कुठे जायचे ते सांगतो. कागदांच्या गर्दीत हरवलेल्या माणसाला त्याची मदत मोठी असते. दावे लांबणे, दर परवडत नाहीत म्हणून रुग्णालयांनी योजना सोडणे ही दुखणी तिच्याबरोबर आली. तरीही शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे दिवस सरकारी हिशेबात प्रथमच खर्च म्हणून धरले गेले, हे तिचे मोल आहे.

रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा भाग अजून उभारला जातो आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आहेत. नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यातल्या गावांसाठी नंदुरबार जिल्ह्यात तरंगता दवाखाना चालतो. पण डोंगरातल्या काही पाड्यांतून रुग्णाला अजून बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि टाके काढायला पुन्हा तोच प्रवास पडतो. गावातली आशा बाळंतपणाच्या पाठपुराव्यात तरबेज झाली आहे. सिझेरियनची जखम तिला पाहता येते. हर्निया, पित्ताशय, पाय कापलेला मधुमेही यांच्यासाठी तिला अजून तसे ठरवून दिलेले काम किंवा मानधन नाही. काही डॉक्टर मोबाइलवर जखमेचा फोटो मागवतात आणि लाली दिसली तर लगेच बोलावतात. ही सोय डॉक्टरच्या सौजन्यावर आणि घरातल्या कोणाच्या तरी फोनवर चालते. योजनेतले दहा दिवस संपले की पट्टी, औषध, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा भार अजूनही कुटुंबावरच आहे.